दरवर्षी येणारा बेसबॉलचा गेम: पोराच्या सरावासाठी घ्यावा का?

कृष्णाकाठ | १४ जून, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय, विश्रामबागेतून. प्रश्न गेमचा आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

चिरंजीव यंदा आठवीत गेले. मागच्या वर्षाअखेरीस शाळेच्या बेसबॉल संघात निवड झाली. आमच्या घरात हा खेळ कुणी पाहिलेला नाही. मी स्वतः शिवाजी स्टेडियमवर लेदर बॉलचं क्रिकेट खेळलोय. विजय हजारेंचं जन्मगाव, स्मृती मानधनाचं गाव, इथे क्रिकेट पोरांच्या अंगातच असतं. पण पोरगं जेवताना विचारतं, "बाबा, तिसरा स्ट्राईक कॅचरच्या हातून सुटला तर मी पळायचं का?" आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

त्याची मुख्य अडचण अशी की समोर आलेला प्रत्येक बॉल तो मारायला जातो. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडायला मी शिकवलं होतं, पण इथे उंचीचाही हिशेब आहे आणि बॉल टप्पा न पडता येतो. सर म्हणतात, "याला सोडायला शिकवा, मारायला तो आपोआप शिकेल." मैदानावर आठवड्यातून तीनच दिवस सराव, त्यात बॅटिंग वाट्याला येते दहा मिनिटं.

घरी जुना पीएस फोर (प्लेस्टेशन ४) आहे. 'एमएलबी द शो' नावाचा गेम दरवर्षी येतो असं कळलं. तो खेळून नजर बसेल का? आणि दरवर्षी नवा घ्यावा लागतो का? की तोच माल नव्या खोक्यात? ज्यांनी मनापासून खेळलाय त्यांनी चांगलं-वाईट दोन्ही सांगा.

पोरगं डावखुरं आहे, त्याने काही फरक पडत असेल तर तेही सांगा.

भडंगप्रेमी | १४ जून, रात्री १०.२०

रुमाल टाकून ठेवतो. बेसबॉलवर मराठीत धागा पहिल्यांदाच बघतोय.

पोवईनाका | १४ जून, रात्री ११.४८

सातारहून. मी हा गेम २०१४ पासून खेळतोय. प्रत्येक वर्षीचा घेतला नाही, पण सात-आठ तरी झाले असतील.

आधी पोराच्या प्रश्नाचं उत्तर. तीन स्ट्राईक (मारायला जाऊन हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले बॉल) झाले की एरवी आऊट. पण तिसरा कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील, तर पळायचं. जीव तोडून पळायचं. हे मीही गेममध्येच शिकलो. तिसरा स्ट्राईक गेला म्हणून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बघतो तर माझा बॅटर पहिल्या बेसकडे धावत सुटलेला.

आता तुमचा प्रश्न. बॉल सोडायला शिकवण्यात या गेमइतका चांगला मास्तर मला दुसरा माहीत नाही. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या हातून सुटून तुमच्यापर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. एवढ्यात बॉल कुठला ते ओळखायचं, कुठे येणार ते ताडायचं आणि मारू की सोडू ते ठरवायचं. स्लायडर हुबेहूब फास्टबॉलसारखा निघतो आणि शेवटी शेवटी बाजूला सरकतो. पहिले दोन आठवडे माझी बॅट नुसती त्याच्या मागे फिरत होती.

बॅटिंगच्या तीन पद्धती आहेत. त्यातली झोनची पद्धत खरी. स्क्रीनवर एक छोटी खूण असते, ती डाव्या अंगठ्याने बॉल जिथे येणार तिथे न्यायची आणि त्याच वेळी बटण दाबायचं. खूण इतकी लहान का, असं आधी वाटायचं. मग कळलं की बेसबॉलची बॅट गोल, नियमाने जास्तीत जास्त २.६१ इंच जाडीची. आपली क्रिकेटची बॅट ४.२५ इंच रुंद आणि वर सपाट. हा फरक कुणी सांगून नाही कळत, अंगठ्याला कळतो.

एक रात्र मला अजून आठवते. ठरवलं की दोन स्ट्राईक होईपर्यंत फक्त आतल्या बाजूचा, कमरेच्या उंचीचा बॉल मारायचा. बाकी काहीही येवो, हात हलवायचा नाही. पहिला बाहेर, सोडला. दुसरा स्ट्राईक होता, तोही सोडला. मग सलग तीन बॉल बाहेर. असे बाहेरचे चार सोडले की पहिला बेस फुकट, तो मिळाला. षटकार मारला नव्हता, बॅटसुद्धा फिरवली नव्हती, पण त्या रात्री मला हा खेळ कळला.

पिचिंगही तसंच. २०२१ च्या आवृत्तीत पिनपॉइंट नावाची पद्धत आली. प्रत्येक बॉलसाठी उजव्या काठीने एक वेगळा आकार काढायचा. फास्टबॉलला सरळ खाली ओढून वर, कर्व्हला वळण. आकार वाकडा आला की बॉल मधोमध जातो आणि समोरचा तो स्टँडमध्ये पाठवतो. घाई केली की आकार हमखास बिघडतो. मी प्रत्येक बॉलआधी श्वास सोडायला लागलो, इतकं ते अंगात भिनतं.

दोष उद्या लिहितो. तेही कमी नाहीत.

मिरजेचा_तंबोरा | १५ जून, सकाळी ८.३०

पोवईनाका, सुरेख लिहिलंय. एक तांत्रिक मुद्दा जोडतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात.

०.४ सेकंदाचा खेळ आहे म्हटल्यावर टीव्ही महत्त्वाचा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो चालू करा. तो बंद असेल तर टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते. पोराला वाटेल आपलीच नजर चुकतेय. माझ्या मेहुण्याने महिनाभर 'उशीर, उशीर' असं वाचून गेम जवळजवळ विकायला काढला होता. गेम मोड लावला आणि त्याच संध्याकाळी त्याने दोन होमरन मारले.

दुसरं, ऑनलाइनच्या नादी लावू नका. समोरचा खेळाडू बहुतेक अमेरिकेत असतो. मिरजेहून माझा पिंग (सिग्नल जाऊन परत यायचा वेळ) दोनशेच्या वर जातो, म्हणजे ०.२ सेकंद. बॉल यायला लागणाऱ्या वेळाच्या निम्मा वेळ वायरीतच गेला. इथे चांगल्यात चांगली फायबरची लाइन असली तरी अंतर कापायला वेळ लागणारच. सरावासाठी ऑफलाइनच बरं. त्यात प्रॅक्टिस मोड आहे, समोर हवा तो पिचर उभा करायचा, हवे ते बॉल टाकायला लावायचे आणि शंभर बॉल बघायचे.

मैदानातला_मास्तर | १५ जून, दुपारी २.१५

मी सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्हीचे संघ बरीच वर्षं विभागाला नेलेत. माझं मत स्पष्ट सांगतो, राग मानू नका.

गेमने नजर बसते हे मला पटत नाही. बेसबॉल पायात असतो. बॅटरचं वजन मागच्या पायावरून पुढे कधी येतं, नितंब कधी उघडतात, पिचरचा खांदा, फिल्डरने बॉल पकडल्यावर टाकायच्या आधी घेतलेलं ते एक पाऊल, यातलं काहीच अंगठ्याने होत नाही. शाळेतली निम्मी मुलं ग्राऊंडर (जमिनीवरून उसळत येणारा बॉल) पकडताना डोळे मिटतात. स्क्रीनवरचा बॉल तोंडावर उडत नाही, मग ती भीती जाणार कशी?

२००८ साली उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण एका स्पर्धेतून निवडले गेले आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्यांना करारबद्ध केलं. त्याआधी ते बेसबॉल खेळलेले नव्हते. त्यांच्याकडे काय होतं? भाल्याने कमावलेला हात. आपल्या जिल्ह्यात गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला पदक आणलं ते लाल मातीतून. आधी माती, मग बाकीचं.

वडिलांना विनंती, त्या पैशात दोन चांगले बॉल घ्या आणि रोज संध्याकाळी पोराला अर्धा तास बॉल टाका.

कृष्णाकाठ | १५ जून, रात्री ९.३०

मास्तर, राग कसला, तुमच्यासारख्यांनी लिहावं म्हणूनच धागा काढला. रोज बॉल टाकतो मी. पण माझा हात ऑफस्पिनरचा, त्यात बॉल सरकत नाही, वळत नाही. फास्ट, स्लायडर, कर्व्ह यांतला फरक त्याला दाखवणारं घरात कुणी नाही. मैदानाऐवजी स्क्रीन असं मनात नाहीच. मैदान सुटल्यावर रात्रीचा अर्धा तास, एवढंच.

भडंगप्रेमी | १५ जून, रात्री ९.५५

माझी आई शेजारून वाचतेय. "होम प्लेट म्हणजे घरची प्लेट ना? मग त्यात भडंग वाढ की," म्हणते.

वारणेची_लेक | १६ जून, सकाळी ७.१०

मूळची इस्लामपूरची, आता कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ. हा धागा बघून इतका आनंद झाला की इथली रात्रीची जेवणं उरकण्याआधी लिहायला बसले.

इथे आले तेव्हा मला बेसबॉल कंटाळवाणा वाटायचा. तीन तास लोक काय बघत बसतात, कळायचं नाही. नवऱ्याने हा गेम आणला आणि त्यातून मला बॉल आणि स्ट्राईकची मोजणी कळली. तीन बॉल-एक स्ट्राईक असताना पिचरवर किती दडपण असतं आणि शून्य बॉल-दोन स्ट्राईक असताना बॅटरवर किती, हे खेळताना कळतं. त्यानंतर ओरॅकल पार्कला जायंट्सचा सामना बघायला गेले तेव्हा तेच तीन तास कसे गेले कळलं नाही. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे खाडीचं पाणी आहे, होमरनचा बॉल थेट पाण्यात पडतो. गेममध्ये ते मैदान अगदी तसंच आहे, विटांच्या भिंतीसकट. खऱ्या ३० संघांची ३० मैदानं, प्रत्येकाची भिंत वेगळी, अंतर वेगळं. क्रिकेटमध्ये सीमारेषा आत-बाहेर करतात, इथे मैदानाचा आकार हाच खेळाचा भाग आहे.

पण मला या गेमबद्दल मनापासून सांगायचंय ते वेगळंच. २०२३ च्या आवृत्तीत त्यांनी 'निग्रो लीग्ज'ची गोष्ट आणली. काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये (इथली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) खेळू देत नव्हते, म्हणून रूब फॉस्टर यांनी १९२० साली कॅन्सस सिटीत त्यांची वेगळी लीग उभी केली. कॅन्सस सिटीतल्या त्या इतिहासाच्या संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक स्वतः एकेका खेळाडूची गोष्ट सांगतात आणि मग त्या खेळाडूचा तो क्षण आपण खेळायचा. सॅचेल पेज यांना मेजर लीगमध्ये पहिला सामना मिळाला १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी. बेचाळिसाव्या! त्यांचे बॉल हातात घेऊन टाकताना मला रडू आलं होतं. २०२४ च्या आवृत्तीत टोनी स्टोन आहेत. १९५३ साली इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांच्या संघात दुसऱ्या बेसवर खेळलेली बाई. माझी मुलगी तेव्हापासून दुसऱ्या बेसवरच खेळते.

एखादा क्रीडा गेम एवढं करू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

पोवईनाका | १६ जून, रात्री ११.३०

वारणेची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती गोष्ट गेमच्या गुणांत सगळ्यात वर ठेवायला हवी, मी विसरलोच होतो.

आता दोष.

सगळ्यात मोठा, फ्रँचाइझी मोड. एक संघ घ्यायचा, वर्षानुवर्षं चालवायचा, खेळाडू घडवायचे. मला यातच रस. पण वर्षामागून वर्षं या भागाला हात लावला न लावल्यासारखं करतात. समोरचे संघ अदलाबदलीत असे निर्णय घेतात की कुठल्याही माणसाला पटणार नाहीत. आणि जी गोष्ट मला खरंच लागली ती ही: पूर्वी आधीच्या वर्षीची सेव्ह पुढच्या वर्षीच्या गेममध्ये नेता यायची. माझा एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) होता, १९ वर्षांचा पोरगा म्हणून खालच्या लीगमध्ये घेतलेला. तीन गेम, तीन वर्षं त्याला वाढवला. पुढे ती सोय काढून टाकली. एका सीझनचे १६२ सामने असतात हो. तेवढं खेळून बांधलेला संघ तिथेच सोडायचा आणि नव्या वर्षी शून्यापासून सुरू करायचं. दरवर्षी येणाऱ्या गेमने जुन्या गेमची किंमत राखायला नको का?

दुसरं, समालोचन. तीच वाक्यं, तेच किस्से. तीस सामन्यांनंतर पुढचं वाक्य मी आधी म्हणतो. तिसरं, प्रेक्षक आणि चेहरे. बॅट-बॉलचा आवाज, पिचरची प्रत्येकाची वेगळी ॲक्शन यांवर इतकी मेहनत आणि मागे बसलेली माणसं बाहुल्यांसारखी.

चौथा मुद्दा वादाचा आहे. खूण अचूक, वेळ अचूक, गेम स्वतः सांगतो 'परफेक्ट', आणि बॉल सरळ फिल्डरच्या हातात. ऑनलाइन यावरून भांडणं होतात.

मिरजेचा_तंबोरा | १७ जून, सकाळी ९.०५

चौथ्या मुद्द्याशी असहमत. खऱ्या बेसबॉलमध्ये तसंच होतं की. जिवाच्या आकांताने मारलेला बॉल थेट शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये जातो. दहापैकी तीनदा यशस्वी झालेला बॅटर तिथे मोठा मानतात. गेमने ते काढून टाकलं तर १६२ सामन्यांची गंमतच जाईल.

पोवईनाका | १७ जून, सकाळी ९.४०

खऱ्या खेळात मान्य. पण खऱ्या खेळात 'परफेक्ट' असा शिक्का कुणी मारत नाही. शिक्का मारायचा आणि फळ द्यायचं नाही, याने शिकणारा गोंधळतो. कृष्णाकाठांच्या पोराला मी हेच सांगेन: गेम काय म्हणतो ते बघू नकोस, बॉल कुठे होता आणि तू कधी बॅट फिरवलीस तेवढंच बघ.

घाटमाथा | १७ जून, दुपारी १२.३०

थोडं विषयांतर, माफ करा. हे सगळं वाचून पोटात तुटतं ते क्रिकेटसाठी. एवढा मोठा आपला देश, आणि आमच्या पिढीचा क्रिकेटचा गेम कुठला, तर 'क्रिकेट ०७'. त्यानंतर तो बनवणाऱ्या ईए कंपनीने क्रिकेटला हात लावला नाही. आजही पोरं त्याच गेममध्ये नवे खेळाडू, नव्या जर्सी स्वतः घालून खेळतात. अलीकडचा 'क्रिकेट २४' आहे, पण बॅटर-बॉलरचं द्वंद्व पोवईनाकांनी वर्णन केलंय तसं कुठे जमलंय? बॉल हातातून ओळखून सोडण्याचा आनंद मला एकाही क्रिकेट गेमने दिला नाही.

आणि बेसबॉलवाल्यांच्या दोषांचं कारण मला दिसतं ते एकच. शर्यतीत दुसरं कुणी नाही. ईएचा 'एमव्हीपी बेसबॉल २००५' लोक अजून आठवतात. २के कंपनीची बेसबॉल मालिका २०१३ ला संपली. 'सुपर मेगा बेसबॉल' छान आहे, पण त्याची वाट वेगळी, खऱ्या संघांची नक्कल नाही. खरे ३० संघ घेऊन पूर्ण सिम्युलेशन हवं तर हा एकच. एकटा घोडा धावला तर पहिलाच येणार. तो किती जोरात धावला ते कसं कळणार?

पोवईनाका | १७ जून, दुपारी १.१०

अगदी बरोबर. एक मात्र सांगतो, २०२१ पर्यंत हा गेम फक्त प्लेस्टेशनवर होता. त्या वर्षी एक्सबॉक्सवर आला, पुढच्या वर्षी निन्टेंडोच्या स्विचवर. पीसीवर अजून नाही. पीसीवर असता तर 'क्रिकेट ०७' सारखं पोरांनी त्यात काय काय केलं असतं!

आईच_मी | १७ जून, सायंकाळी ६.४५

एक काळजीचा मुद्दा. या गेममध्ये पत्ते विकत घ्यायचा प्रकार असतो ना? माझ्या भाच्याने एका वेगळ्याच गेममध्ये काकांच्या कार्डावरून पैसे उडवले. कळलं तेव्हा महिन्याचा किराणा गेला होता. पोराच्या हातात द्यायच्या आधी हे विचारून घ्या.

पोवईनाका | १७ जून, रात्री १०.२०

ताई, बरं झालं विचारलंत. तो मोड 'डायमंड डायनॅस्टी'. खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा, ऑनलाइन खेळायचा. त्यातलं चलन म्हणजे स्टब्स. ते खेळूनही मिळतात आणि पैसे देऊनही. एक खरं, इतर क्रीडा गेमच्या मानाने हा मोड उदार आहे. एक रुपयाही न घालता मी चांगला संघ बांधलाय. कार्डांचा बाजार असतो, स्वस्त घेऊन महाग विकायचं, विकताना दहा टक्के कापले जातात. बारा वर्षांच्या पोराला यातून व्यवहारही कळेल.

मिरजेचा_तंबोरा | १७ जून, रात्री १०.४५

उदार आहे, मान्य. तरी माझा विरोध आहे. पुढच्या वर्षी नवा गेम आला की जुन्यातली कार्डं तिथेच राहतात आणि काही वर्षांनी जुन्या आवृत्तीचे सर्व्हर बंद झाले की तो मोड संपला. शंभर रात्री घालून जमवलेलं सगळं जातं. मोठ्या माणसाला हे समजतं. पोराला ते लागतं.

आणि ताईंच्या मुद्द्यावर: कन्सोलवर कार्डाची माहिती साठवूच नका, खरेदीला पासवर्ड ठेवा. आणखी एक खाचखळगा, अमेरिकेतून कुणी डिस्क आणली तर डिस्क चालते, पण प्लेस्टेशनवर विकतचा जादा माल डिस्क ज्या प्रदेशाची, त्याच प्रदेशाच्या अकाऊंटवरून घ्यावा लागतो. इथल्या अकाऊंटवरून पैसे भरले तर वाया जायची शक्यता.

पोवईनाका | १७ जून, रात्री ११.००

तुम्ही बरोबर आहात. माझा शॉर्टस्टॉप गेल्याचं दुःख मीच वर सांगितलंय, मग पोराला त्याच वाटेला का लावायचं? कृष्णाकाठ, डायमंड डायनॅस्टी नको. 'रोड टू द शो' द्या. त्यात एकच खेळाडू आपला, खालच्या लीगपासून वर चढायचं, आणि सामन्यात फक्त आपल्या वाट्याचे प्रसंग खेळायचे. बॅटिंगची चार-पाच वेळा पाळी, एकदोन कॅच, संपला सामना. वीस मिनिटांत होतो. डावखुरा बॅटर करता येतो, म्हणजे तुमच्या पोराला बॉल त्याच्याच बाजूने दिसेल. कठीणपणा 'डायनॅमिक' ठेवा, तो जसा सुधारेल तसा गेम कठीण होत जातो.

विकत घ्यायचं तर: पीएस फोरसाठी 'द शो २४' शेवटचा. २५ पासून पीएस फोरवर येणं बंद झालं. म्हणजे तुमच्यापुरता दरवर्षीचा प्रश्न मिटला. २४ ची वापरलेली डिस्क बघा. त्यात टोनी स्टोन यांची गोष्टही आहे.

वाचनवेडा_सांगली | १८ जून, सकाळी ६.५०

वारणेची लेक यांच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार करतोय. आपल्याकडे पालवणकर बाळू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. दलित म्हणून चहा त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली. बाळूंची ओव्हर टाकायला मिळेल, मध्ये थांबवून कुणी ती गोष्ट मराठीत सांगेल, असा गेम माझ्या नातवाच्या हातात कधी येईल? अमेरिकेने आपली लाज खेळात मांडली आणि पोरांना खेळायला दिली. आपणही हे करायला हवं.

वारणेची_लेक | १८ जून, सकाळी ८.०५

काका, हे वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलीला आज बाळूंची गोष्ट सांगते.

मैदानातला_मास्तर | १८ जून, रात्री ९.१५

मी काल एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन हा गेम तासभर पाहिला. प्रॅक्टिस मोड लावायला सांगितला आणि कंट्रोलर हातात न घेता फक्त बघत बसलो, प्रत्येक बॉलला तोंडाने "मार" किंवा "सोड" म्हणत. पहिल्या वीसपैकी निम्म्याहून जास्त चुकलो. मी, जो मुलांना "सोडा" म्हणून ओरडतो.

पायाचं माझं म्हणणं कायम आहे. पण एक युक्ती सुचली. पोराला टीव्हीसमोर उभं करा, हातात खरी बॅट द्या. कंट्रोलर वडिलांच्या हातात. बॉल सुटला की पोराने पुढचं पाऊल टाकायचं आणि "मार" किंवा "सोड" म्हणायचं. बॅट फिरवायची नाही, टीव्ही फुटेल. पाऊल आणि निर्णय एकदम. रोज पन्नास बॉल. असं असेल तर माझी हरकत नाही, उलट मीही माझ्या संघाला हे करायला लावणार आहे.

भडंगप्रेमी | १८ जून, रात्री ९.४०

मास्तरांना साष्टांग. नाद खुळा कल्पना.

कृष्णाकाठ | १९ जून, सकाळी ७.३०

मास्तर, डिस्क आली की लगेच सुरू करतो. सगळ्यांचे मनापासून आभार. २४ ची डिस्क कोल्हापुरात एकाकडे आहे, रविवारी आणतोय. जमेल तसं इथे कळवतो.

कृष्णाकाठ | २५ ऑगस्ट, रात्री १०.४०

उशिरा लिहितोय, पण लिहायचं राहू नये म्हणून.

दोन महिने मास्तरांच्या पद्धतीने चाललं. जेवणानंतर पन्नास बॉल. मी सोफ्यावर, तो टीव्हीपासून सहा पावलांवर बॅट घेऊन. फरशीवर खडूने होम प्लेट काढली, १७ इंच रुंद, टेपने मोजून. सौभाग्यवती रोज सकाळी ती पुसतात, तो रोज रात्री काढतो. पहिल्या आठवड्यात पन्नासातले अठरा-एकोणीस बरोबर यायचे. गेल्या आठवड्यात एकदा एक्केचाळीस आले. स्लायडर आता तो माझ्याआधी ओळखतो. "बाबा, शिवण बघा, ठिपका दिसतो," म्हणतो. मला काही तो ठिपका दिसलेला नाही.

काल नेमिनाथनगरच्या मैदानावर शेजारच्या शाळेशी सराव सामना होता. पाऊस नुकताच उघडलेला, पहिल्या बेसजवळ चिखल. त्याची पाळी आली तेव्हा दोन आऊट, तिसऱ्या बेसवर आपला गडी. दोन स्ट्राईक झाले, दोन्हींवर बॅट फिरवलेली. माझ्या हाताला घाम. मग त्याने एक सोडला. दुसरा सोडला. तिसरा खाली जमिनीजवळ, तोही सोडला. तीन बॉल-दोन स्ट्राईक. पुढचा बॉल मधोमध येतोय असं मला कुंपणाबाहेरून वाटलं. त्याचं पुढचं पाऊल पडलं, बॅटची मूठ चार बोटं पुढे आली आणि तिथेच थांबली. बॉल बाहेर सरकला. पंच म्हणाले, "बॉल फोर."

पहिल्या बेसवर जाताना त्याने कुंपणाकडे बघितलं आणि ओठांनी नुसतं "सोड" म्हटलं. त्यानंतर दुसरा बेस चोरायला गेला आणि आऊट झाला, पण त्याचं मला काही नाही.

मास्तरांचं दुसरं म्हणणंही खरं ठरलं. फिल्डिंगला त्याच्याकडे दोन ग्राऊंडर आले, दोन्ही सुटले. गेममध्ये फिल्डिंगला एक पट्टी येते, हिरव्यावर बटण सोडलं की फेक बरोबर. पायाखालचा चिखल, उडणारा बॉल यातलं काही नाही. तिथे गेमचा उपयोग शून्य, हे मी अनुभवाने सांगतो. त्यात त्याच्या हातात ग्लोव्हही उलटा होता. पोरगं डावखुरं, बॉल डाव्या हाताने टाकतं, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हातात हवा. सांगलीत चार दुकानं फिरलो, सगळीकडे डाव्या हातात घालायचेच. शाळेतही तेच. पोरगं पकडतं, ग्लोव्ह काढतं आणि मग फेकतं. विभागाचे सामने जवळ आलेत. कुणाला डावखुऱ्याचा ग्लोव्ह कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा.

पोवईनाका | २५ ऑगस्ट, रात्री १०.५८

मूठ थांबली ना! भले शाब्बास! पोराला माझ्याकडून कंदी पेढे लागू.

मैदानातला_मास्तर | २५ ऑगस्ट, रात्री ११.२०

कृष्णाकाठ, दुकानं फिरू नका. आमच्या शाळेच्या पेटीत डावखुऱ्याचा एक ग्लोव्ह आहे. सहा वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा, ती आता पोलीस भरतीत गेली. चामडं कडक झालंय, तेल लावून आत बॉल ठेवून दोरीने बांधून दोन रात्री ठेवा, मऊ होईल. शनिवारी कामासाठी सांगलीला येतोय. दुपारी चारला नेमिनाथनगरच्या मैदानावर पोराला घेऊन या, ग्राऊंडरला पाऊल कुठे टाकायचं तेही दाखवतो.